भेगेत राहिलेली पाचर

कोणीतरी ती पाचर वर ठेवून आलंय! कोण ते मी विचारत नाही, नाव घ्यायची मला सवय नाही, पण ज्याने कोणी हे केलंय ना, त्याच्या घशाखाली घास उतरतो कसा, एवढंच मला कळू द्या! तुम्हाला सांगतो, चाळीस मीटरचा अखंड ग्रॅनाइटचा कडा, मधोमध पट्टी धरून आखल्यासारखी उभी भेग, आणि आमचा नियम काय? खडकाला भोक पाडायचं नाही, खिळा ठोकायचा नाही. पुढच्याने भेगेत बोटाएवढ्या, तारेचा फास असलेल्या धातूच्या पाचरी बसवत, त्यांच्यात दोर अडकवत वर जायचं, मागच्याने दोर सोडवत, पाचरी काढत यायचं. मागे काही म्हणजे काही राहता कामा नये. कडा काय आपल्या बापाचा आहे?

आता हा कडा ज्यांच्या परसात आहे त्या मावशी... मावशी नात्याने नव्हे हं, भीतीने! निवृत्त मुख्याध्यापिका. सोमवारी त्यांचा फोन. "काय रे, तूच ना त्या चढणाऱ्यांचा सेक्रेटरी? सकाळी आठला मी भांडी घासायला खिडकीशी उभी राहते, आणि तुमचं कसलंसं चकचकीत लोखंड थेट माझ्या डोळ्यांत ऊन मारतं. रविवारपर्यंत काढा, नाहीतर फाटकाला कुलूप!"

कुलूप! अहो, मी आठवड्याचे सहा दिवस फक्त सातव्यासाठी काढतो! मी म्हटलं, "मावशी, तुमचं शंभर टक्के बरोबर, असल्या लोकांना फटके दिले पाहिजेत, कडा काय आमच्या बापाचा आहे?"

"नाही. माझ्या बापाचा आहे," म्हणाल्या, आणि ठेवला फोन.

मग काय, आठवडाभर क्लबात माझी तीन भाषणं झाली. बेजबाबदारपणावर! रविवारी धाकट्या बहिणीला घेऊन गेलो, ती खाली दोर धरून, मी वीस मीटरवर एका पायाच्या अंगठ्यावर, आणि पाचर? हलायला तयार नाही! आकड्याने ओढली, ठोकली, शिव्या घातल्या, बोटं सोलली, आणि तोंड चालूच... "कोण हा महाभाग? याला चढायला शिकवलं कोणी? कडा काय याच्या बापाचा..."

खालून बहीण, अगदी गोड आवाजात, "दादा, तारेवरची टेप कुठल्या रंगाची रे?"

"जांभळी!"

"आणि आपल्या पाचरींवर?"

...

जांभळी. मीच चिकटवलेली. आपल्या पाचरी दुसऱ्यांच्यात मिसळू नयेत म्हणून!

आणि मग सगळं आठवलं हो. गेल्या महिन्यात ती पुढे होती, मी मागे. पाचरीतून दोर सोडवला, आता पाचर काढणार, तेवढ्यात खडकाची काळजी कशी घ्यावी या विषयावर मला एक जबरदस्त मुद्दा सुचला, तो मी ओरडून तिला सांगितला, आणि बोलत बोलत... गेलो वर! तिने विचारलंही होतं, "काढल्यास ना सगळ्या?" "हो हो, आधी मुद्दा ऐक!" घरी एक कमी भरली तेव्हा ओरडलो कोणावर? तिच्यावरच!

एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून मावशी, "अरे, खाली काय ओढतोस? तशाने आणखी घट्ट बसते ती! वर ढकल, वर! तीस वर्षं बघतेय मी!"

वर ढकलली. लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर!

खाली उतरलो. खरं सांगू? पाचर खिशात, टेपचं बहिणीशिवाय कोणाला ठाऊक नाही, "कोणीतरी" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण बहीण माझ्याकडे बघत होती. गेलो खिडकीशी. म्हटलं, "मावशी, ती माझीच होती. लावा कुलूप."

"ठाऊक आहे," मावशी कढई विसळत म्हणाल्या. "त्या दिवशीचं भाषण इथवर ऐकू येत होतं. कबूल करायला येतोस का, तेवढंच बघत होते. फाटक उघडं राहील. पण यापुढे चढताना तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

घ्या! पण काय सांगू तुम्हाला, पुढच्या रविवारी तोंड मिटून चढलो, आणि त्या खडकाचा खरखरीत गारवा तळहाताला इतका... भेगेतून वारा शीळ घालतो हे मला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं! एकेक पाचर काढली, मोजली, वर पोचलो, आणि बहीण मागच्या वाटेने खाली उतरली तरी मी नुसता बसून राहिलो. इतकं बरं वाटलं म्हणता, की बोलावंसंच वाटेना!

आणि खाली मावशींचे यजमान, झाडांना पाणी घालता घालता थांबले, वर बघितलं, आणि हळूच माझ्या बहिणीला विचारलं,

"आज दादाला बरं नाहीये का गं?"