मुळापासून फॉरमॅट

...आणि वर तो लॅपटॉप मलाच विचारतो, 'प्रोग्राम प्रतिसाद देत नाही. बंद करायचा, की वाट पाहायची?' अरे, काम थांबवलंस तू आणि निर्णय घ्यायचा मी? दिवसातून अकरा वेळा, तुम्हाला सांगते, अकरा! मी आपली पानं जुळवतेय, ओळी सरळ करतेय, आणि पडदा एकदम पांढराफटक... कुणीतरी त्याला वाईट बातमी सांगितल्यासारखा!

तुम्ही म्हणाल, मुली, एवढी कसली घाई? सांगते. आमच्या भागात एक अभ्यासिका आहे. एक हॉल, चौदा टेबलं, एक खिडकी, दोन पंखे, त्यातला एक फिरतो. ती नगर कार्यालयाला बंद करायची होती. कशासाठी? त्यांची मोडकी कपाटं ठेवायला! माणसं बाहेर, कपाटं आत! मग आम्ही अहवाल करायला घेतला. चौसष्ट पानं, पानागणिक एका वाचकाचं पत्र. शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचा, नाहीतर सोमवारी कुलूप. त्यात आमच्या शेजारच्या मावशींचं पत्र. मावशी शिवणकाम करतात, वय शेहेचाळीस, यंदा दहावीला बसतायत. घरात एक खोली, सहा माणसं, दोन मशिनी आणि अखंड टीव्ही. त्यांनी लिहिलं होतं, 'मला बीजगणित फक्त अभ्यासिकेतच कळतं. घरी ते कापडासारखं कुणीतरी ओढून नेतं.' मी वाचून रडले. प्रोग्रामला तर इतकं भरून आलं, की तो बंदच पडला!

बुधवारी सकाळी बाबा आले, लॅपटॉपला थोपटलं आणि म्हणाले, "बंद करून चालू कर. चालतंय तोवर हात लावू नये कशाला." हे बाबांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान! आमच्या बाथरूमचा नळ गेली सहा वर्षं दोरीने बांधलेला आहे. मी म्हटलं, "बाबा, ही मलमपट्टी झाली. मलमपट्टी नको, मुळापासून!"

मग दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही हो, नुसता कानाशी धरला, नारळ बघतात तसा! "ताई, सिस्टीम गेली. फॉरमॅट मारा." मी विचारलं, "पण कारण काय?" तर म्हणतो, "कारण विचारत बसाल तर दोन दिवस जातील. फॉरमॅट चार तासांत होतो." आणि मला ते इतकं पटलं! जुनं सगळं पुसा, नवी व्यवस्था आणा. मी कॉलेजात निबंध लिहिलाय यावर, पहिला नंबर आहे माझा! मलमपट्टी नको, मुळापासून!

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन. आमच्या बचाव समितीचे अध्यक्ष. हे गृहस्थ अभ्यासिकेत एकदाच आले होते, तेही छत्री विसरली म्हणून... दुसरीकडे, पण शोधायला आमच्याकडे. आवाज कसा, तुपात बुडवलेला. "बेटा, अहवालावर माझा फोटो आहे ना? प्रत्येक पानावर? वरच्या कोपऱ्यात? लहानसाच ठेव हं. मी काही प्रसिद्धीचा भुकेला नाही." भुकेले नाहीत, नुसते चौसष्ट घास हवेत! ते पहिल्या दिवसापासूनच दिले होते मी.

तर गुरुवारी फॉरमॅट. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. डोळ्यांत तेल घालून मी एकेक वस्तू उतरवली. पत्रं घेतली, अहवाल घेतला, बाबांची 'नवीन फोल्डर' ते 'नवीन फोल्डर सात' घेतली. उघडून पाहिली तर सातही रिकामी! "असू दे, लागतील," म्हणाले. आणि अध्यक्षांचा फोटो? तो तर दोनदा घेतला. न जाणो, हरवला तर!

मग पुसलं सगळं. एका बटणात! काय वाटलं सांगू... जुनी राजवट खलास! आणि नवी राजवट आली, तिने पहिला प्रश्न काय विचारला? 'तुमचा कीबोर्ड कोणता?' अरे, तुझ्या अंगावरच आहे तो, बघ की खाली! मग 'आम्ही तुमच्यासाठी सारं तयार करत आहोत'. मग 'थोडाच वेळ'. मग 'जवळजवळ झालंच'. हे 'जवळजवळ झालंच' सव्वातास चाललं. नगर कार्यालयातून माणूस आणून बसवला होता की काय आत? शेवटी झालं. तर इंटरनेट नाही! का? त्याचा ड्रायव्हर नाही. तो कुठे मिळेल? इंटरनेटवर! म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. बाबा दारात उभे. नुसता नळाकडे एक कटाक्ष. पण मी डगमगले नाही. बाबांच्या फोनवरून ड्रायव्हर आणला, प्रोग्राम नवा घातला, अक्षरांचे चौकोन दिसत होते ते निस्तरले. मुळापासून म्हणजे मुळापासून!

शुक्रवार. दुपारचे दोन. चकचकीत लॅपटॉप, कोरा करकरीत प्रोग्राम. अहवाल उघडला. पान एक, दोन... दहा... छान! पान एकोणीस... आणि पडदा पांढराफटक! 'बंद करायचा, की वाट पाहायची?'

तुम्हाला सांगते, मी आधी घड्याळ बघितलं. तीन तास उरले होते, आणि नेमक्या तेव्हा मावशी आल्या. गळ्यात मोजपट्टी, हातात बीजगणिताचं पुस्तक. "काय गं, गेला का माझा कागद?" मी म्हटलं, "मावशी, कसला कागद आणि कसलं काय... सोमवारी कुलूप." मावशींनी पुस्तक छातीशी धरलं. मग पडद्याकडे बघत राहिल्या.

"हा कोण गं, प्रत्येक पानावर?"

"अध्यक्ष."

"टिकलीएवढा दिसतोय. मुळात केवढा आहे फोटो?"

"मुळात भिंतीएवढा. मोठ्या फलकासाठी काढला होता."

"मग कापलास का?"

"नाही हो, लहान केला."

"म्हणजे कापड तेवढंच, नुसतं दुमडून आत कोंबलंस?" मावशी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी उलटी बाही लावली आहे. "अगं, कापडाचा अख्खा तागा खिशात कोंबलास, तोही चौसष्ट खिशांत! शिवण उसवणार नाही तर काय होईल?"

मी बघितलं. चौसष्ट पत्रांचं मिळून फाइलीत वजन एवढंसं, आणि एकट्या अध्यक्षांचं त्याच्या चाळीसपट! सिस्टीम बिचारी धडधाकट होती. तिला मी उगाच मारलं, पुरलं, नवी जन्माला घातली, आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्याला? त्याला मी स्वतःच्या हातांनी उतरवून घेतलं, जपलं, दोनदा! आणि नव्या राजवटीत पुन्हा प्रत्येक पानावर नेऊन बसवलं!

काढला. सगळीकडून काढला. प्रोग्राम असा धावला, जणू त्याच्या छातीवरून कुणी उठलं. चार एक्कावन्नला अहवाल गेला. आणि पुढच्या बुधवारी पत्र आलं... अभ्यासिका राहणार! कपाटं दुसरीकडे! मावशींनी ते पत्र तीन वेळा वाचलं आणि म्हणाल्या, "चल, वर्गसमीकरणं राहिलीत."

इथं गोष्ट संपायला हवी होती की नाही? पण अध्यक्ष आले. अहवाल चाळला, पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि उलटा शेवटपासून पहिल्यापर्यंत. "बेटा, मी कुठे दिसत नाही." मी कारण सांगितलं. रागावतील वाटलं, तर गहिवरले! "म्हणजे फोटो लहान केल्यामुळे त्रास झाला? मग सोपं आहे. लहान करायचाच नाही."

आणि लावला हो, अभ्यासिकेत, मूळ आकारात! भिंतीवर मावेना म्हणून खिडकीवरून. आता भर दुपारी दिवे लावून मावशी गणितं सोडवतात. आणि मी? मी काल अर्ज लिहिला, अध्यक्षांनाच. मोठ्या नम्रपणे. 'आपण कृपया दीड हात डावीकडे सरकावे.' बाबा म्हणाले, "मलमपट्टी?" म्हटलं, "बाबा, असू दे. अर्धी खिडकी तरी उघडेल... आणि ती दोरी कुठून आणली होती तुम्ही?"