लहान डबा

गिरणीवाला दळण दळत होता, पण त्याचे कान बाकावरच्या दोघी शेजारणींकडे होते.

"काकू, यंदा गहू ठेवायला घरात जागा नाही."

"पालटले गं दिवस तुझे."

"दुष्काळात मी ओंजळभर दाणे आणायचे आणि अर्धा डबा पीठ न्यायचे. आठवतं?"

"गिरणीच गुणाची आहे."

"गिरणी कसली! माझ्या आधी तुमचं दळण असायचं. निम्मं झालं की तुम्ही म्हणायचात, ‘बस, भरला डबा.’ उरलेलं पडायचं माझ्या डब्यात."

"डबाच लहान होता माझा, त्याला मी काय करू?"

"बरं, आज माझा नंबर आधी. तुम्ही मागून."

तिचं दळण निम्म्यावर आलं.

"बस भाऊ, भरला डबा!"

गिरणीवाल्यानं काही न विचारता डबा काढला, दुष्काळात काकूंचा काढायचा तसाच.

"अगं, निम्मा रिकामा आहे की!"

"लहान आहे हो, काकू."