जावयाच्या गावची महागाई

देवरीच्या बसमध्ये रुख्माचे कान मागच्या सीटवर होते. तिथं सुशिलाबाई शेजारी बसलेल्या चंदाले अमेरिका सांगून राहिली होती.

"लहानसंच गाव हाय, पन केस कापाले धानाचं पोतं लागते!"

"काहीही!"

"अन नळ दुरुस्तीले बैलजोडी! पोरगी तिथंच बाळंत होनार. जावई म्हने, तिकीट महाग हाय, येऊ नका."

"मंग?"

"म्हटलं, जावईबापू, सवा महिना मालिशले तिथली बाई लावून पाहा! दुसऱ्याच दिवशी तिकीट धाडलं."

"म्हंजे मालिश मस्त येत असन तुमाले?"

"मले? आमच्या घरी तं मालिशवालीच येत होती."

रुख्मा फस्सकन हसली. सुशिलाबाई पुढं वाकली.

"हसून राहिली, म्हंजे तुले येते. सांग बाई, बाळाचे आधी पाय चोळाचे का पाठ?"