वेसण टोचणाऱ्याचं नाक

बसा ताई, हितं वट्यावरच बसा. आत पंखा हाय पर आवाज लय करतोय, तुमच्या त्या फोनात माझं बोलणं नीट यायचं न्हाई. सुरवातीपासनं सांगा म्हंताय तर सांगतो. आमचं गाव वडूजपासनं आत, माळावर. आजा मेंढरं राखायचा, बानं मेंढरं इकून खिल्लार जनावरं केली, आन मी मारुती, त्याचा धाकटा. गावात मला नाना म्हंत्यात, पर आसपासच्या गावात नुस्तं नाना म्हनून कळायचं न्हाई, वेसणवाला नाना म्हना, मंग प्वार तुमाला दारापातूर आनून सोडतंय.

आता वेसण म्हंजे काय हे तुमाला ठावं असंल. शिकल्याली माणसं तोंडानं म्हंत्यात अमक्याला वेसण घातली पायजे, हातानं कुणी घातल्याली नसती. खोंड वयात आलं, मानंत जोर भरला की नुस्त्या मोरकीनं आवरत न्हाई. मोरकी म्हंजे तोंडाभवती आन कानामागनं दोरी आसती ती, ती नुस्ती वरनं आसती. मंग लिंबाच्या बुंध्याला त्याला आखडून बांधायचं, दोघांनी शिंगं धरायची आन म्या माझी दोन बोटं त्याच्या दोन नाकपुड्यांत घालायची. मधी पडदा आसतो. आत मऊ हाड लागतं, आन त्याच्या म्होरं, नाकाच्या शेंड्याकडं, येक पातळ जागा लागती, तितंच दाभण घालायचं. हाडात घुसलं तर जनावर जलमभर दुखतं, लय म्होरं घातलं तर वढीत फाटतं. दाभणामागनं सुती दोरी वढायची, ती कानामागं बांधायची, खोबरेल आन हळद लावायची, झालं. ह्याचे पैसे आमच्यात घेत न्हाईत, बा म्हनायचा जित्राबाला रडवून पैसा खाऊ नये. नारळ आन टावेल. आमच्या घरात टावेल लय हायती बगा, जाताना येक घिऊन जावा.

आन येक गोष्ट ध्यानात ठेवा, म्होरं लागंल. वेसण पडल्यावर खोंडाचा डोळा बदलतो. काल ज्याला चार गडी आवरत न्हवते त्याला आठवड्यानं बारकी पोर वड्यावर पाणी पाजायला नेती, वेसणीला बांधल्याला कासरा वाईच हलवला की मान खाली घालून मागं. ज्याच्या पडद्याला भोक त्याचा कासरा दुसऱ्याच्या हातात. हे म्या जलमभर बगितलं, आन माझ्याच हातानं केलं.

माझं नाक मोडलं ते लगनाआधी. असंच येक खोंड बांधल्यालं, माझ्या हातात दाभण, शिंग धरणाऱ्याचा हात निसटला आन खोंडानं मान जी वर टाकली ती कपाळ सरळ माझ्या नाकावर. सगळा सदरा रगतानं भरला. बा तितंच हुता, त्यानं मला लिंबाला टेकवून बसवलं, दोन अंगठ्यांनी नाक दाबून सरळ केलं, कट्ट करून आवाज झाला, वरनं आंबेहळदीचा लेप, आन म्हनला ऊठ, खोंड अजून बांधल्यालं हाय. उठलो आन वेसण घातली. वरनं नाक सरळ दिसायचं, हौसाच्या घरची मान्सं मला बगायला आली त्यांनाबी काय दिसलं न्हाई. हौसा म्हंजे आमची मंडळी, मगा तुमाला च्या दिऊन गेली ती.

पर डावी नाकपुडी त्या दिसापासनं बंद. उजवी कवा चालायची, कवा न्हाई. मला वाटायचं सर्दी हाय, सर्दी कुणाला हुत न्हाई. जेवताना मातूर पंचाईत, घासबी तोंडात आन श्वासबी तोंडानंच, चावू का श्वास घिऊ, येका दारातनं दोघं कशी जाणार, म्हनून घासाघासाला थांबायचं. पंगतीत मान्सं म्हनायची नानाला आमटी लय आवडल्याली दिसती, दमानं खातोय. वास तर कळायचाच बंद झाला. आन घोरणं काय सांगू तुमाला, सासूबाई मुक्कामाला आल्या की थंडीतबी अंगणात झोपायच्या. कुणी म्हनलं नाकाचं हाड वाढलंय, कुणी म्हनलं दही सोड, सोडलं, कुणी म्हनलं तूप सोड, सोडलं, निस्ती भाकरी खाऊन घोरायला लागलो.

मंग मेडिकलमधनं थेंबाची बाटली आनली. नाकात दोन थेंब टाकले की दोन्ही नाकपुड्या मोकळ्या, मला वाटलं देव भेटला. पर म्हैन्याभरानं बाटलीशिवाय झोपच लागंना. आधी निजताना, मंग सकाळी, मंग दुपारचं, मंग खिशात तंबाखूची डबी आन ती बाटली जोडीनंच. आता मिरजेच्या डाक्टरीणबाई म्हंत्यात मामा, त्या बाटलीनंच आतली सूज वाढत गेली, ती थोडं दीस घालायची आन सोडायची आसती. आमाला कुणी सांगितलं न्हाई, आमीबी कुणाला इचारलं न्हाई.

मिरजेआधी वडूजच्या डाक्टरकडं गेल्तो. कवा तरी लय झालं म्हनून गेलो. त्यानं डोक्याला बॅटरी लावून नाकात बगितलं, म्हनला नाना, हाड वाढल्यालं न्हाई, मधला पडदा येका अंगाला वाकलाय, ऑपरेशन करून सरळ करून घ्या, मिरजेला जावा. त्यानं म्होरं काय सांगितलं ते मला आजबी ठावं न्हाई. पडदा म्हनला आन माझ्या बोटांना ती पातळ जागा लागली. म्हनलं आता माझी पाळी, आता माझ्या पडद्यात कुणीतरी दाभण घालणार. हसा ताई, हसा, हौसाबी हसती. पर मला पडद्याचं दुसरं काय काम ठावं हुतं. माझ्या हातानं इतकी जित्राबं गरीब झाल्याली बगितली, मला वाटलं आपुनबी मिरजेसनं मान खाली घालूनच येणार, मंग गावात कोन इचारतंय. मला मरणाचं भ्या न्हवतं, त्याचं भ्या हुतं. यष्टीत बसलो, घरी आलो, हौसाला म्हनलं डाक्टर म्हनतोय काय न्हाई, थंडीचं हाय. त्याच्यावर कैक वर्सं गेली.

मंग परवाच्या बेंदराच्या आदल्या बेंदराला काय झालं. आमची लेक सुनंदा पलूसला दिल्याली हाय, ती सणाला आल्ती. आदल्या दिशी मी बैलं धुवायला वड्यावर नेल्ती. हौसा गोठ्यात कुट्टी करत हुती, मोटारीवरचं मशीन हाय न्हवं का कडबा बारीक करायचं, त्याच्या तोंडात पेंढी सारत हुती, आन सारता सारता उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. पदर आत गेला. सुनंदा दारातच हुती म्हनून, तिनं झेप घिऊन बटन बंद केलं. पदर गेला, बांगड्या गेल्या, हात ऱ्हायला. मी बैलं घिऊन आलो तर दोघी गोठ्यात खाली बसल्याल्या, अर्धं लुगडं मशीनमधी, आन सुनंदा इचारतीय आई, दिवसाढवळ्या तुला झोप कशी लागली गं.

हौसा म्हनली रातची लागत न्हाई म्हनून दिवसा लागती. तुझे आण्णा घोरता घोरता येकदम गप हुत्यात, छाती हलती पर वारं जात न्हाई, मी खांदा धरून हलवती, मंग हुंदका आल्यागत श्वास घेत्यात, परत घोरत्यात, परत गप. सगळी रात असंच. माझा डोळा लागला आन त्येंचा श्वास आलाच न्हाई तर मी काय करू. सुनंदा म्हनली किती दीस झालं. हौसा म्हनली दीस कुठले, वर्सं झाली.

मला ह्यातलं काय म्हाईत न्हवतं. झोपल्याल्या मान्साला कसं म्हाईत असणार. मला वाटायचं मी सकाळी उठतो तवा डोकं जड आसतं, बसल्या जागी डुलक्या येत्यात, हे वय झाल्याचं. मला रागच आला, हौसाला म्हनलं मला उठवून सांगायचं न्हाईस व्हय. ती म्हनली आवं उठवतच हुते की, रोज.

सुनंदा म्हनली उद्या बेंदूर झाला की परवा मिरज. मी काय बाय सांगाय लागलो, बैलं कोन बगंल, पेरणी हाय. पर ते मशीनमधलं लुगडं डोळ्याम्होरं हुतं, तवा शेवटाला बोललो खरं काय ते. पडद्याला भोक पाडून घ्यायचं न्हाई मला, बैल व्हायचं न्हाई. सुनंदा तोंडाला पदर लावून हसाय लागली. हौसा हसली न्हाई. ती म्हनली, माझं नाक मी पाळण्यात असताना टोचलं, मला कुणी इचारलं न्हाई. कासरा दिसत न्हाई म्हनून नसतो व्हय. तुमचा श्वास अडला की मी उठून बसती, तुमी हलला की मी पडती, हा कासरा कुणाच्या हातात हाय ते सांगा. बैलांच्या अंगावरचं पाणी निथळत हुतं, मी ते पुसत बसलो.

मिरजेच्या डाक्टरीणबाई वयानं आमच्या सुनंदाएवढ्या. दुर्बीण घालून बगितलं, फोटो काढला. म्या पैलंच इचारलं बाई, भोक कुठं पाडणार. त्या म्हनल्या का हो मामा, मंग म्या माझा धंदा सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घितलं, हसल्या न्हाईत, कागदावर नाक काढून दाखवलं. म्हनल्या पडद्याच्या दोन्ही अंगांना पातळ कातडं आसतं, ते आमी अलगद सोडवतो, आतलं वाकडं हाड जेवढं आडवं आलंय तेवढंच काढतो, बाकीचं सरळ करतो आन कातडं परत बसवतो. भोक पडू न्हाई ह्यासाठीच सगळी खटपट आसती. क्वचित पडतंबी, ते तुमाला आधी सांगितल्यालं बरं. म्हनलं बाई, माझ्या हातनंबी कवातरी हाडात घुसलंय, चालायचंच. मंग त्यांनी माझी सही घितली. म्या इतक्यांचे पडदे टोचले, सही कुणाची घितली न्हाई. येवढा फरक हाय बगा.

पर त्या म्हनल्या, श्वास अडतोय हे निस्तं नाकाचं न्हाई. नाकानं त्यात भर पडती, पर झोपंत तुमचा घसाबी मिटतो. येक रात अंगाला वायरी लावून झोपवलं आन तपासलं. मंग म्हनल्या पडदा सरळ केला म्हंजे घोरणं जाईलच असं वचन मी देत न्हाई. झोपताना मास्क लावायला लागंल, मशीन हवा आत सोडतं, घसा उघडा ऱ्हातो. पर ती हवा जायची नाकातनं, आन तुमचं दार बंद. म्हनून आधी नाक, मंग मास्क.

ऑपरेशन झालं ते मला कळलंबी न्हाई, भूल दिल्ती. दोन्ही नाकपुड्या कापसानं गच्च भरल्याल्या. शेजारच्या खाटंवर येक मास्तर हुते, त्येंचंबी तेच ऑपरेशन, ते तोंडानं श्वास घिऊन घिऊन रडकुंडीला आल्ते. मला काय, मी आयुष्यभर तोंडानंच जगलोय. मंग तो कापूस काढला, ती घडी मातूर वंगाळ गेली, लिंबाला बांधल्यालं खोंड आठवलं. आन त्याच्यामागनं डाव्या नाकपुडीतनं गार वारं आत गेलं. पैला वास आला तो फिनेलचा. म्हनलं काय का असंना, वास हाय. घरी आलो, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितल्यालं, रोज धुतलं, खपल्या निघून गेल्या, आन तवा कळलं माझ्या अंगाला बैलाचा वास येतो. हौसाला म्हनलं कवा बोलली न्हाईस. ती म्हनली लगीन झालं तवापासनं हाय, आता काय बोलायचं.

मंग परत मिरजेला गेलो मास्क आनायला. तिथल्या बाईनं तो नाकावर बसवला, येक पट्टा कानाखालनं, येक डोक्यामागनं, म्होरं लांब नळी. आरशात बगितलं तर मोरकी. आक्षी मोरकी, नळी म्हंजे कासरा. म्या हौसाकडं बगितलं, हौसानं माझ्याकडं बगितलं, आन ती जी हसाय लागली ती खाली बसली, नर्स पाणी घिऊन आली. म्हनली वेसणीला भिऊन पळालं आन मोरकीत घावलं.

आता रोज रातच्याला तीच माझे पट्टे आवळती. आधी आवळत न्हवतं, वारं गळायचं, आता तिचा हात बसलाय. मशीन तिच्या उशाकडं ठेवलंय, प्लग तितंच हाय म्हनून. गावातली मान्सं म्हंत्यात नानाला शेवटी हौसाबाईनं मोरकी घातली, म्हनंनात. मी अजून वेसणी टोचतो, शर्यतीच्या खोंडांनी आमचं काम टिकलंय. फकस्त आता टोचल्यावर त्याच्या नाकाम्होरं हात धरून बगतो, दोन्हीकडनं वारं येतंय का. आधी कवा बगितलं न्हवतं.

हौसा लय झोपती आता. दीस उगवून वर आला तरी उठत न्हाई, आयाबाया इचारत्यात आजारी हाय का. म्हनतो न्हाई, झोपलीय, हळू बोला. सकाळचा च्या मीच करतो. आमच्याकडं लाईटीचा भरवसा न्हाई, अधीमधी जाती. लाईट गेली की मशीन बंद पडतं, मला जाग येती, पैले काही दीस मी तिला हाक मारणार हुतो, मंग बगितलं तर ती कुशीवर, येका लयीत श्वास चाललाय. पट्टे काढून ठेवतो आन बसून ऱ्हातो. लाईट येईस्तवर मी जागा ऱ्हातो, तिनं वर्सं काढली तशी. झोपू द्या तिला.