दोनदा ‘या’

देवदत्त: आणि बोट परत वळव म्हणून तुला त्या नावाड्याला सांगता आलं नाही?

सुवर्णा: सांगितलं हो. इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल.

देवदत्त: वीस मिनिटं ऐकू गेलं नाही? मी इकडे धक्क्यावर वेड्यासारखा हात हलवत उभा. एक कुत्रं तेवढं माझ्याकडे बघत होतं.

सुवर्णा: दिसलात मला.

देवदत्त: दिसलो? मग हात का नाही हलवलास?

सुवर्णा: हलवला की.

देवदत्त: तो टाटा होता, सुवर्णा!

सुवर्णा: ओरडू नका, बीपी वाढेल. पोचलेय मी बेटावर. सावलीत बसलेय.

देवदत्त: मला आधी सांग, झालं काय. तू बोटीत, मी धक्क्यावर, मध्ये दोन पावलांचं अंतर. मी ऑफिसशी बोलत होतो, दोन मिनिटं, फार तर तीन. वळून बघतो तर बोट निघालेली!

सुवर्णा: अहो, मी हाक मारली ना तुम्हाला. ‘या, या!’ म्हणाले. चांगलं दोनदा.

देवदत्त: ऐकलं मी. बोट वर केलं होतं, एक मिनिट म्हणून.

सुवर्णा: तुमचं बोट वर गेलं आणि आमची बोट सुटली.

देवदत्त: विनोद नकोत.

सुवर्णा: विनोद नाही. स्पॅनिशमध्ये ‘या’ म्हणजे ‘झालं, आता चला’. मी मराठीत तुम्हाला बोलावतेय आणि त्या नावाड्याला वाटलं, बाई म्हणतेय निघा. त्यानं दोर सोडला.

देवदत्त: हात्तिच्या! असं होय? अगं, मग हे आपल्या शेजारच्या राजेशला सांगायला पाहिजे. चोवीस वर्षं ‘अहो, या, बसा’ केल्याचं फळ! गणपतीच्या पॉटलक जेवणाला आपल्या अख्ख्या शुगर लँड गावात चालेल हा किस्सा.

सुवर्णा: सांगा.

देवदत्त: बरं, आता लवकर परत ये. संध्याकाळी सान हुआन गाठायचंय. उद्या सकाळी नऊचं फ्लाइट आहे.

सुवर्णा: माहीत आहे. सकाळी ऑम्लेट खाताना सांगितलंत. तिकिटं बदलून झाल्यावर.

देवदत्त: पुन्हा तेच. सोमवारची मीटिंग मी ठेवलीय का? मी काय हौसेनं बदलली तिकिटं?

सुवर्णा: पंधरा दिवसांची ट्रिप होती. सात झाले.

देवदत्त: समुद्र कुठे पळून जातोय? उरलेले आठ दिवस पुढच्या वर्षी करू.

सुवर्णा: दोन हजार तीनमध्ये ‘पुढच्या वर्षी’ म्हणालात. चारमध्ये कॅन्सल केलीत, पाचमध्ये कॅन्सल केलीत. मला कोस्टा रिकाला जायचं होतं. तुम्ही म्हणालात पोर्तो रिको, कारण हे अमेरिकेतच, ब्लॅकबेरीला रेंज मिळते. मी त्यालाही हो म्हणाले. म्हटलं, समुद्र तोच, स्पॅनिश तेच, पाठीवर बॅग टाकून किनाऱ्यानं चालायला तर मिळेल.

देवदत्त: मग चाललो ना सात दिवस तुझ्या मागे? एक्कावन्नाव्या वर्षी हॉस्टेलच्या वरच्या बंकवर झोपलो! खाली तो जर्मन मुलगा रात्रभर घोरत होता.

सुवर्णा: तो म्हणाला, तुम्ही घोरत होतात.

देवदत्त: विषय बदलू नकोस. माझी दुपारची गोळी तुझ्या बॅगेत आहे.

सुवर्णा: तुमच्या कमरेच्या पाऊचमध्ये आहे. पुढचा कप्पा. दुपारची, रात्रीची, उद्याची.

देवदत्त: थांब, बघतो. हो, आहे. चार्जरही आहे. लायसन्स आहे. हे सगळं कधी ठेवलंस?

सुवर्णा: रोजच ठेवते.

देवदत्त: रोज? मग तू बॅगही आख्खी घेऊन गेलीस, कपड्यांसकट. एका दिवसाची बेटावरची चक्कर, तिला आख्खी बॅग कशाला?

सुवर्णा: बॅग मी सात दिवस रोज उचलतेय. तुम्ही आज पाहिलीत.

देवदत्त: सुवर्णा, तू रागावलीयस का?

सुवर्णा: नाही.

देवदत्त: हे ‘नाही’ मला कळतं. बरं, आपण घरी जाऊन बोलू. परतीची बोट कितीला आहे?

सुवर्णा: मला काय माहीत? धक्क्यावर कोणी तिकिटवाला असेल ना? त्याच्याकडे फोन द्या, मी विचारते.

देवदत्त: आहे एक, टोपीवाला. हे घ्या हो... सिन्योर, माय वाइफ. टॉक, टॉक.

सुवर्णा: बुएनोस दियास, सिन्योर. आ के ओरा साले ला प्रॉक्सिमा लांचा?

टोपीवाला: ओय, आ लास क्वात्रो. एसा एस ला उल्तिमा.

सुवर्णा: ग्रासियास. मुई अमाब्ले. पासेमे आ मी एस्पोसो.

देवदत्त: हां, बोल. ‘साले’ कोणाला म्हणालीस?

सुवर्णा: साले म्हणजे सुटते. बोट सुटते.

देवदत्त: मग? कितीला सुटते?

सुवर्णा: आज नाही म्हणतोय. एकदम उद्या सकाळी आठला.

देवदत्त: तो क्वात्रो म्हणाला.

सुवर्णा: काय?

देवदत्त: मी त्याच्या शेजारीच उभा आहे. तो क्वात्रो म्हणाला. बावीस वर्षं ह्यूस्टनच्या साइटवर मेक्सिकन मजुरांत काढलीत मी, एक ते दहा मला येतात. क्वात्रो म्हणजे चार. आज चारला बोट आहे. आणि तू मला सांगतेस उद्या आठला.

सुवर्णा: इथे वारा फार आहे हो. नीट ऐकू येत नाहीये.

देवदत्त: आत्ता येतंय ऐकू?

सुवर्णा: येतंय.

देवदत्त: खोटं बोललीस तू माझ्याशी.

सुवर्णा: हो.

देवदत्त: का?

सुवर्णा: चारला तिकडून शेवटची बोट आहे म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तीच परत येताना पकड, पाचला इकडे ये. आणि मी आले असते. मला माहीत आहे ना मी कशी आहे ते. मुकाट्यानं बॅग उचलून आले असते.

देवदत्त: मग काय करणार आहेस?

सुवर्णा: मी उद्या येत नाहीये. माझे आठ दिवस राहिलेत. ते मी चालणार आहे.

देवदत्त: एकटी?

सुवर्णा: एकटी.

देवदत्त: डोकं ठिकाणावर आहे का? परक्या मुलखात, त्या तुझ्या कॉलेजातल्या टाइमपास स्पॅनिशवर?

सुवर्णा: तीन सेमिस्टर केलीत मी. मंगळवार-गुरुवार, क्लिनिकचं रिसेप्शन संपवून, स्वयंपाक करून. टाइमपास तुम्ही म्हणता. मी कधी म्हटलं नाही.

देवदत्त: बरं, सॉरी. पण काही झालं तर कोण आहे तुझं तिथे?

सुवर्णा: कोणी नाही. बोटीत शेजारी एक बाई होती. कुठली, काय, मुलं किती, सगळं विचारलं तिनं. वीस मिनिटं बोललो आम्ही. मी चुकले की ती शब्द सुधारायची आणि पुढे बोलत राहायची. एकदाही मला थांबून ‘ती काय म्हणतेय’ ते तुम्हाला सांगावं लागलं नाही. मी पहिल्यांदाच एक आख्खं वाक्य नीट ऐकलं हो.

देवदत्त: म्हणजे माझी अडचण होतेय तुला.

सुवर्णा: तसं नाही. भीती वाटतेय मला, खरं सांगते. पण बरंही वाटतंय.

देवदत्त: मी चारच्या बोटीनं येतो.

सुवर्णा: आणि मीटिंग?

देवदत्त: बोलू त्यावर. आधी येतो, मग बोलू.

सुवर्णा: म्हणजे मला न्यायला येताय.

देवदत्त: अगं, तसंच नाही काही...

सुवर्णा: आठ दिवस चालणार असाल तर चारला बोटीत बसा. मी धक्क्यावर उभी राहीन. नुसतं न्यायला येणार असाल तर सान हुआनची व्हॅन दोनला आहे, चौकातून. व्हॅनवाल्याला नीट सांगा कुठे उतरायचं ते. ‘एरोपुएर्तो’ म्हणायचं.

देवदत्त: एरो काय?

सुवर्णा: एरोपुएर्तो. विमानतळ.

देवदत्त: अनिकाला काय सांगू? फोन आला तर?

सुवर्णा: आई चालतेय म्हणून सांगा.

देवदत्त: तू हे सगळं ठरवूनच आली होतीस आज.

सुवर्णा: नाही हो. शपथ. सकाळी तिकिटांचं ऐकलं, बरं म्हटलं, बॅग उचलली. काही ठरवलं नव्हतं.

देवदत्त: म्हणजे बोट सुटली ती चुकूनच. निदान तेवढं तरी. ‘या’ तू मलाच म्हणालीस.

सुवर्णा: पहिलं ‘या’ तुम्हालाच म्हणाले.

देवदत्त: आणि दुसरं?

सुवर्णा: तुम्ही बोट वर केलंत. मग दुसरं नावाड्याला म्हणाले.