साहेब जेवले का?

...आणि वर शेजारपाजारचे मलाच विचारतात, "काका, तब्येत बरी आहे ना?" अहो, न असायला काय झालं? माणसानं आपल्या घरात, आपल्या गेलेल्या बायकोचा गाऊन घातला तर... थांबा, हसू नका, तुम्हाला सांगतो, आधी नीट ऐकून घ्या.

आमच्या घरात सरळ वाटणी होती. खिडकी माझी, टेबल तिचं. खिडकीत माझे निवडुंग, टेबलावर तिची काचेची टाकी, आणि टाकीत एक नारिंगी, टपोऱ्या कपाळाचा मासा. त्याला ही म्हणायची 'साहेब'. मी कामावरून दमून घरी आलो तरी हिचा पहिला प्रश्न काय, तर "सकाळी मी दाणे टाकले, तेव्हा साहेब जेवले होते का हो नीट? तुम्ही बघितलंत?" साहेबांना थंडी वाजते का बघा, साहेबांचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवा, ती बादली कुणी ओलांडू नका... निवडुंगाचं तसं नसतं! निवडुंगाला महिनाभर विसरा, तो ब्र काढत नाही. उलट लाड केलेत तर मुळाशी कुजतो. मी हिला म्हणायचो, पाळायचंच तर असं काही पाळावं, ज्याला आपली सवय लागत नाही.

मग ही आजारी पडली. दवाखान्यात जाताना दारातून मागे वळून मला काय म्हणाली असेल? औषधं, किल्ल्या, काही नाही. "साहेबांना उपाशी ठेवू नका." झालं. परत आलीच नाही.

आता मी टाकीपाशी गेलो की साहेब दगडामागे! दाणे तरंगतात, फुगतात, तळाशी बसून पाणी गढूळ करतात, साहेब ढुंकून बघत नाहीत. काचेवर टिचक्या मारल्या, हिच्यासारखा बारीक आवाज काढून "या साहेब, या" करून झालं, अगदी लाज सोडून... नाही म्हणजे नाही. पोट खपाटीला लागलं हो त्याचं. निवडुंगाचं तसं नसतं! शेवटी बसून विचार केला, ह्याला रोज सकाळी दिसायचं काय? पिवळी फुलं. हिच्या गाऊनवरची.

म्हणून घातला. खांद्यात उसवला, पोटावर बटणं लागेनात, तरी घातला. आणि साहेब सुळकन वर! माझ्या बोटांतून दाणा घेतला. मी तिथंच, गाऊनमध्ये, ढसाढसा रडलो. आणि दार उघडं, दारात शेजारीण. आता ती बाई गप्प बसणार आहे का? तिनं आमच्या मुलीला फोन केला.

मुलगी आली. हिचे कपडे पिशव्यांत भरायला लागली. गाऊनला हात घातला तसा मी म्हणालो, तेवढा नको, साहेब उपाशी मरतील. तिनं तो बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला टाकीपाशी बोलावलं आणि दाण्यांचा डबा हातात दिला. मी आपला रोजच्या शर्टात. म्हणाली, टाका. टाकले.

खाल्ले हो मेल्यानं! वर कोण उभं आहे ते बघितलंसुद्धा नाही.

"बघितलंत? त्याला आता कुणीही चालतं. मग गाऊन कशाला हवाय, बाबा?"

मी खिडकीकडे बघितलं. म्हटलं, "असू दे गं... निवडुंगांना सवय लागलीय."