मदतीला आणलेली चिप

...नाही, पण मी म्हणतो, दशांश चिन्ह दिसलं की ज्याला धाप लागते त्याला कॉम्प्युटर म्हणायचंच कशाला? तुम्हाला सांगतो, आमचं ऑफिस पाण्याच्या टाक्यांचं, म्हणजे पाण्याचा भार किती, खांब जाड किती, ते गणित करून द्यायचं, आणि ते बावीस वर्षं मी हातानं केलंय, एक टाकी गळलेली नाही! तर साहेबांनी कॉम्प्युटर आणला. आतली चिप फोर एटी सिक्स. म्हटलं, बरं. पण तो एक नव्हे हो, अख्खं खानदान! दुकानदार घडाघडा पाठ म्हणतो, डीएक्स घ्या, त्यात गणिताचा भाग आतच असतो, डीएक्स टू घ्या, तो आत दुप्पट पळतो, बाहेर मात्र जुनीच चाल, आणि एसएक्स... तोच चेहरा, तीच बुद्धी, फक्त गणित बंद. म्हणजे नाही असं नाही, आहे, पण बंद करून विकलेलं! अहो, शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडाला चिकटपट्टी लावायची आणि अडाणी म्हणून खपवायचा? आणि आमच्या साहेबांनी कुठला उचलला असेल? एसएक्स! गणिताच्या ऑफिसात!

झालं, टाकीचा प्रोग्रॅम सुरूच होईना. पडद्यावर एकच ओळ, गणिताची चिप नाही. दुकानदार म्हणाला, काळजी नको, शेजारी खाच रिकामी आहे, तिथे गणिताचा फोर एटी सेव्हन बसवू, पहिल्याच्या मदतीला. मदतीला, बरं का!

बसवला. प्रोग्रॅम पळायला लागला. मी सहज विचारलं, आता गणित हा करणार आणि बाकीचं तो, असंच ना? तर दुकानदार स्क्रूकडे बघत हळूच म्हणतो, ‘तसं नाही... हा पुरा डीएक्सच आहे. हा बसला की पहिल्याला गप्प करतो. सगळं हाच करतो.’ घ्या! मदतीला! म्हटलं, मग तो पहिला काढा की, उगाच जागा अडवून बसलाय. काढला, खालच्या पिना वाकू न देता जपून, तर मशीन ठप्प. ‘तो लागतो,’ म्हणतो. ‘कामाला नाही. पण असावा लागतो.’

तेव्हा मी पोट धरधरून हसलो हो.

पुढच्याच सोमवारी साहेबांची सून ऑफिसात आली. इंजिनियर. साहेब म्हणाले, तुमच्या मदतीला. मदतीला...! माझी नजर गेली त्या मशीनकडे, खोटं कशाला बोलू? पोरगी गुणी हो, त्याचीच तर पंचाईत. ‘काका, तुम्ही बसा, मी करते’ असं म्हणत तीन दिवसांत अख्खी टाकी उरकली. मी तपासली. चूक सापडावी म्हणून पुन्हा तपासली. नाही सापडली. गुरुवारी माझ्याकडे पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे काम नव्हतं, आणि टोकं तरी किती काढणार माणूस? फार लागलं मनाला. शुक्रवारी साहेबांपुढे राजीनामा ठेवला.

साहेबांनी उघडलासुद्धा नाही. म्हणाले, भलतंच काय, गिऱ्हाईक आलं की आधी विचारतं, ते आहेत ना ऑफिसात? मगच नकाशा घेतं. ‘तुम्ही काही करू नका हो. पण तुम्ही असावे लागता.’

तेव्हा... असतो. दहा ते सहा. शेजारच्या खाचेत सूनबाई पळत असतात, आणि मी आपला पिना सरळ ठेवून बसलेला.